कोठीच्या खोलीतला गिलावा

संपादकांनी पत्रात सुचवले होते, की आपल्या हातून दुरुस्त झालेल्या एखाद्या जुन्या घराबद्दल लिहावे, शक्यतो ज्याचे काम मनासारखे उतरले अशा घराबद्दल. मी आठ दिवस विचार केला. ज्या घरांचे काम मनासारखे उतरले नाही, ती बहुतेक आजही उभी आहेत, आणि त्यांतली माणसे रस्त्यात भेटली की मला नमस्कार करतात. मनासारखे उतरलेले घर एकच, आणि ते माझ्यामुळे गेले. तेव्हा त्याच्याबद्दलच लिहितो.

मी तंजावूरचा. आमच्या घराण्यांतून मराठी बोलणारे पुष्कळ, वाचणारे थोडे. मी स्वतः देवनागरी चाळिशीत शिकलो, त्यामुळे माझी वाक्ये जरा इस्त्री केल्यासारखी वाटली तर वाचकांनी क्षमा करावी. पुढे जी माणसे बोलतात ती निम्मे तमिळमध्ये आणि निम्मे आमच्या तमिळ वळणाच्या मराठीत बोलली. मी ते इथे सरळ करून लिहिले आहे.

धंद्याबद्दल थोडे सांगायला हवे. मी पदविकाधारक स्थापत्य अभियंता, आणि पहिली पंधरा वर्षे मी जुन्या घरांना सिमेंट फासत असे. जुनी भिंत चुन्याची असते. ती पावसात पाणी पिते आणि ऊन पडले की सोडून देते. तिला सिमेंट लावणे म्हणजे पाणी प्यायलेल्याचे तोंड बांधणे. पाणी आतच राहते, तुळईची टोके कुजतात, आणि आठ-दहा वर्षांनी छत खाली येते. मी लावलेले सिमेंट अजून शाबूत आहे, त्याच्या आतल्या भिंती गेल्या, अशी घरे मी आजही सायकलवरून मान खाली घालून ओलांडतो. हे ज्यांनी मला शिकवले ते ओरत्तनाडूचे मारिमुत्तु मेस्त्री. मेस्त्री म्हणजे गवंड्यांचे मुख्य. वय सत्तरीच्या पुढे, बोलणे मोजके. माझे एक सिमेंटचे काम पाहून त्यांनी एवढेच विचारले होते, की तंबी, म्हणजे धाकट्या भावा, या घराशी तुझे काही वैर आहे का? त्या दिवसापासून मी त्यांच्या हाताखाली लागलो. कागदोपत्री मात्र ते माझ्या हाताखाली होते.

राजवाड्याच्या मागच्या गल्ल्यांतल्या एका घरी अंबुजाक्का राहत. शाळेत त्या आम्हाला गणित शिकवत. निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली तरी गावातले निम्मे रिक्षावाले त्यांना पाहून हातातली विडी टाकतात. घर दीडशे वर्षांहून जुने, मध्ये चौक, सागवानी खांब, पुढे रस्त्याला लागून तिण्णै, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याने टेकावे असा ओटा. त्यांचा जन्म त्याच घरातला. लग्न केले नाही. दोन भाचे होते, एक चेन्नईत आणि एक न्यू जर्सीत. दोघांचे म्हणणे एकच, की मावशीने लिफ्ट असलेल्या फ्लॅटमध्ये राहावे. घर धोकादायक आहे, पावसाळ्यापूर्वी सुरक्षित करा नाहीतर पाडा, अशी पालिकेची नोटीस दाराला लागली तेव्हा भाच्यांना फार आनंद झाला.

अक्कांनी मला बोलावले. नोटीस पुढे केली आणि म्हणाल्या, "रघू, मला या घरातून उठायचं नाही. बाकी तुला काय करायचं ते कर."

नववीत मी त्यांच्या विषयात नापास झालो होतो. तीस-पस्तीस वर्षांनी पुन्हा परीक्षा द्यावी तसा मी कामाला लागलो.

चुन्याचे काम हे खरे पाहता स्वयंपाकाचे काम आहे. चुना पाण्यात विरवून कित्येक आठवडे मुरत ठेवायचा. वेगळ्या पिंपात हिरडा आणि ताडगूळ भिजत घालायचे. ते पाणी आंबले, की त्यात चुना मळायचा. गिलावा त्याने चिवट होतो. अशी सहा पिंपे आम्ही अक्कांच्या चौकात मांडली. दहाव्या दिवशी गल्लीत जो वास सुटला, तो ताडीच्या दुकानापेक्षा वेगळा आहे हे आम्हालाही सांगता आले नसते. बाराव्या दिवशी एक हवालदार आले. निवृत्त शिक्षिकेच्या घरी दारू गाळतात अशी तक्रार होती. अक्कांनी त्यांना ओळखले. तो आपला विद्यार्थी, अपूर्णांकांत कच्चा, असे त्यांनी मेस्त्रींना त्याच्या देखत सांगितले. मग एक भांडे भरून ते पाणी त्याच्या नाकाशी नेले आणि पिऊन खात्री कर म्हणाल्या. हवालदारांनी पंचनाम्यात हिरडा हा शब्द तीनदा लिहिला आणि तिन्ही वेळा वेगळा लिहिला. त्यानंतर ते अधूनमधून काम पाहायला येत. वासाची सवय लागली असावी.

अंड्यांचे प्रकरण याहून नाजूक होते. शेवटच्या थरात अंड्याचा पांढरा बलक घालून गुळगुळीत दगडाने भिंत घासतात, तेव्हा तिला आरशासारखी चकाकी येते. आणि अक्का कांदासुद्धा चातुर्मासात घरात आणू देत नसत. मी हा विषय काढायला तीन दिवस घेतले. भलत्याच उदाहरणांनी सुरुवात केली, देवळांच्या भिंतींपर्यंत गेलो, तिथून परत येता येईना. शेवटी मेस्त्रींनी सरळ सांगितले, की टीचरम्मा, एक पांढरे पाणी लागते, ते आम्ही आमच्या घरी तयार करून आणतो. अक्का म्हणाल्या, की ते कशाचे असते हे मी विचारणार नाही आणि तुम्ही सांगू नका. रोज सकाळी मेस्त्री पितळी डब्यातून पांढरे पाणी आणत. पिवळे बलक त्यांच्या घरी उरत, आणि त्या दोन महिन्यांत आमच्या गड्यांची प्रकृती इतकी सुधारली, की एकाला पट्टा नवा घ्यावा लागला. अक्कांच्या ते लक्षात आले नसेल असे मला वाटत नाही.

छताचे काम सर्वांत मोठे. सागवानी तुळयांवर चपट्या विटा उभ्या बसवायच्या, त्यांवर विटांच्या तुकड्यांचा आणि चुन्याचा जाड थर, आणि तो थर कुटायचा. त्यासाठी ओरत्तनाडूहून बारा बाया आल्या. रांगेत बसून, लाकडी थापट्यांनी, एका तालात, दिवसेंदिवस. कुटणे पुरे झाले हे कसे कळते, तर थापटी मारल्यावर ती हातात उलटी उडते. अक्का खाली बसून मटार सोलत आणि ठोके मोजत. एकदा त्यांनी मला वर निरोप देऊन पाठवले, की डावीकडून चौथी दर सोळा ठोक्यांत एक खाते. मी जाऊन पाहिले. चौथ्या बाई तंबाखू मळत होत्या.

आता कोठीच्या खोलीकडे येतो. इथवर मी मुद्दाम रेंगाळलो आहे.

घराच्या मागच्या अंगाला एक अंधारी खोली होती. तीत लोणच्याच्या बरण्या आणि जुनी पितळी भांडी असत. बरण्या हलवून मी विजेरी मारली आणि थबकलो. समोरच्या भिंतीवर, साधारण माझ्या छातीच्या उंचीवर, घरातला सर्वांत सुंदर गिलावा होता. बैठकीच्या खोलीत चार थर होते, इथे पाच. हात फिरवला तर थंडगार काचेसारखा लागला. कडा अंगठ्याने गोल केलेल्या. जिथे लोणची ठेवायची तिथे असा गिलावा कोण करतो?

मेस्त्रींनी भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक केले, कान लावला, आणि कडेवरून अंगठा फिरवला. हा हात आमच्याच बाजूचा आहे, ते म्हणाले. मी विचारले, मग इथे का केला असेल? त्यावर मेस्त्री जे बोलले ते मी आजही विसरू शकत नाही.

"तंबी, दाखवायचं असतं तिथे माणूस चार थर देतो. पाचवा थर झाकायला असतो. चल, चहा पिऊ."

मी चहा प्यायला गेलो नाही. भिंतीत क्षार उतरले आहेत का ते पाहिले पाहिजे, असे मी म्हणालो. धंद्यात असे कारण केव्हाही सापडते. खरे कारण असे, की मला राहवले नाही. आतून दगडाचा आवाज येत होता. मी छिन्नी घेतली आणि दोन दिवसांत, एकही ओरखडा न पडू देता, तो पाच थरांचा गिलावा उतरवला. इतके सफाईदार काम मी आयुष्यात दुसरे केलेले नाही.

खाली काळ्या दगडावर मोडी अक्षरे होती.

मराठी मुलखातल्या वाचकांना याचे कदाचित काही वाटणार नाही. परंतु आम्ही इथे शेकडो मैल दूर, शेजाऱ्यांच्या भाषेत शाळा शिकलेले, आपल्याच मुलांनी आपल्याशी तमिळमध्ये बोललेले ऐकणारे लोक. आमच्यापैकी कोणाला कुठे एक मोडी ओळ सापडली, तर जणू हरवलेला काका सापडतो. मला अक्षरेही वाचता येत नव्हती. तरी मी त्या दगडासमोर पंधरा मिनिटे उभा होतो, आणि सांगायला संकोच वाटतो, पण माझे डोळे भरून आले होते.

जवळच मोडी जाणणारे एक वृद्ध गृहस्थ राहत. त्यांना आणले. त्यांनी खुर्ची मागितली, उशी मागितली, कॉफी मागितली, आणि पहिल्या दुपारी एक शब्द वाचला: 'दुपार'. दुसऱ्या दुपारी तीन कॉफींच्या बदल्यात त्यांनी एक ओळ वाचली आणि तिसऱ्या दिवशी तीच ओळ चुकीची वाचल्याचे जाहीर केले. मेस्त्री म्हणाले, की वाचायला लागतो आहे त्याहून कमी वेळात हे दगडावर कोरून झाले असेल. सहाव्या दुपारी सगळा मजकूर लागला. अक्का शेजारी उभ्या होत्या. गृहस्थ थांबत थांबत वाचत गेले.

घर रामेश्वरच्या वाटेवरील प्रवाशांसाठी धर्मार्थ दिले आहे. दुपारी जो दाराशी येईल त्याला पान वाढावे, जात आणि गाव विचारू नये. व्यवस्था पाहणाऱ्याने मागच्या खोलीत राहावे, आणि जोवर वाढतो तोवरच राहावे. हे घर कोणाचे नाही.

गृहस्थांनी चष्मा पुसला आणि आणखी कॉफी आहे का म्हणून विचारले. व्यवस्था पाहणारे म्हणजे अक्कांचे पणजोबा किंवा त्यांचेही वडील असावेत. पान वाढणे कधी थांबले हे कोणाला ठाऊक नव्हते. गिलावा कधी चढला हेही ठाऊक नव्हते. तो का चढला, हे मात्र आता चौघांनाही कळले होते.

अक्का स्वयंपाकघरात गेल्या. थोड्या वेळाने बाहेर येऊन त्यांनी मला हलक्या आवाजात सांगितले, "मेस्त्रींना सांग, होतं तसं करून टाका."

मेस्त्री तयारच होते. चुना मुरलेला होता, पांढरे पाणी डब्यात होते. मीच म्हणालो, की पाऊस तोंडावर आला आहे, हवेत ओल आहे, पाच थर नीट वाळायचे नाहीत, पौषात करू. मेस्त्रींनी माझ्याकडे पाहिले. ओल असताना थर सावकाश वाळतो आणि त्यामुळे चांगलाच बसतो, हे त्यांनीच मला शिकवले होते. त्यांनी पांढऱ्या पाण्याच्या डब्याला झाकण लावले. मला तो दगड आणखी काही दिवस पाहायचा होता, एवढेच खरे.

मग आमचा पाऊस आला. महाराष्ट्रात तो दिवाळीला संपतो, इकडे दिवाळीला सुरू होतो. पालिकेचे अभियंते तपासणीला मुद्दाम पावसातच आले. घरात ज्या तेरा जागी छत गळत असे, तिथे अक्कांनी सवयीने तेरा भांडी मांडली होती. अभियंते दीड तास बसले. बाहेर धो धो पाऊस, आत तेरा कोरडी भांडी. इतकी वर्षे त्या भांड्यांच्या आवाजात झोपलेल्या अक्का अस्वस्थ झाल्या होत्या. त्यांनी दोनदा उठून एक पातेले सरकवून पाहिले, जणू थेंब चुकून शेजारी पडत असेल. अभियंत्यांनी छत्री मिटली, भिंतीवरून हात फिरवला आणि नोटीस मागे घेतल्याचे तिथेच लिहून दिले. जाताना त्यांनी मेस्त्रींना विचारले, की माझ्या सासऱ्यांचे घर आहे, येऊन पाहाल का?

त्या संध्याकाळी मी फार आनंदात होतो. आमच्या तंजावूरच्या मराठी कुटुंबांचा एक व्हॉट्सअॅप गट आहे. त्यात सुप्रभात, श्राद्धाच्या तिथी, आणि अंबट भाजीत चिंच किती यावरचे वाद असतात. मी त्यात छताचा फोटो टाकला. शाबासक्या आल्या. शाबासकीने माणूस थांबतो असे मला कधी दिसले नाही. मी दगडाचा फोटो टाकला. खाली संपूर्ण वाचन लिहिले, आणि वर मथळा दिला: 'आपल्या पूर्वजांचे औदार्य, आपली लिपी.' दगडावर हात ठेवून उभा असलेला माझा स्वतःचा फोटोही होता. तो मी चार फोटोंतून निवडला होता.

अक्कांना विचारले नाही. विचारायचे सुचले नाही असे मी पुष्कळ दिवस लोकांना सांगत असे. सुचले होते. त्या नको म्हणतील हेही सुचले होते.

तासाभरात तो फोटो चेन्नईला पोचला, सकाळपर्यंत न्यू जर्सीला. तिकडच्या भाच्याने अक्कांना फोन करून विचारले, की मावशी, आपले घर आपले नाही हे खरे का? मी फोटो टाकल्याचे अक्कांना अशा रीतीने कळले. चौथ्या दिवशी एका तमिळ दैनिकाच्या जिल्हा पानावर बातमी आली, माझ्या फोटोसह. महिन्याभरात एका कचेरीतून पत्र आले. कचेरीचे नाव घेत नाही, कारण तिने नियमाबाहेर काहीही केले नाही. धर्मार्थ दिलेली मिळकत खाजगी ताब्यात कशी, याची कागदपत्रे दाखवा, असे त्यात होते. मग त्यांनीच आपल्या दप्तरात शोध घेतला, आणि दगडावर होते तेच कागदावरही निघाले.

अक्कांकडे घरपट्टीच्या पावत्या होत्या, दुसरे काही नव्हते. मी एका वकिलांना घेऊन गेलो. त्यांनी आनंदाने सांगितले, की खटला वीस वर्षे सहज चालेल, तोवर तुम्हाला कोणी हलवू शकत नाही, पुढचे पुढे. अक्का तेव्हा एकाहत्तर वर्षांच्या होत्या. वीस वर्षे म्हणजे सगळेच झाले. मीही पुष्कळ आर्जव केले.

त्या म्हणाल्या, "वाचलं नव्हतं तोवर घर माझं होतं, रघू. आता रोज दुपारी कोणी दाराशी आला, तर मी काय म्हणू त्याला? कोर्टात तारीख आहे म्हणू?"

त्यांनी कचेरीला एकच विनंती केली. मला मागच्या खोलीत राहू द्या, मी रोज दुपारी पान वाढीन, दगडावर लिहिले आहे तसे. कचेरीने उत्तर दिले, की अशी तरतूद नाही.

ताबा घ्यायला अधिकारी आले ते नेमके साडेअकराला. तरुण, सभ्य, थोडे घाबरलेले. आईच्या वयाच्या बाईला घराबाहेर काढण्याचे त्यांचे ते पहिलेच काम असावे. बरोबर दोन कारकून, एक कुलूपवाला. अक्कांचे सामान पहाटेच फ्लॅटवर गेले होते. स्वयंपाकघर मात्र चालू होते. त्यांनी चौकात ओळीने केळीची पाने मांडली आणि अधिकाऱ्यांना बसायला सांगितले. ड्यूटीवर आहे, असे ते म्हणाले. दुपारी जो दाराशी येईल त्याला, असे दगडावर आहे, अक्का म्हणाल्या, ड्यूटीचे काही लिहिलेले नाही. ते बसले. कारकून बसले, कुलूपवाला बसला, मेस्त्री बसले. रस्त्यावरून चाललेल्या एका फुगेवाल्याला अक्कांनी हाक मारून आत घेतले; तो फुग्यांसकट बसला. मी खांबाशी उभा होतो. मलाही पानाकडे बोट दाखवण्यात आले. सांबार, अंबट भाजी, डांगर पच्चडी, पायसम. मी घास गिळत होतो आणि समोरच्या भिंतीत, मेस्त्रींनी घासून आणलेल्या त्या चकाकीत, सगळी पंगत मला अंधूक दिसत होती. अधिकाऱ्यांनी दोनदा भात घेतला.

हात धुवून झाल्यावर अक्कांनी किल्ल्या त्यांच्या हातात दिल्या आणि विचारले, "सर, उद्या इथे कोण वाढणार?"

अधिकाऱ्यांनी किल्ल्यांकडे पाहिले. ते म्हणाले, "अम्मा, वर कळवतो."

त्यांनी कळवले असेल याबद्दल मला शंका नाही. ते तसे गृहस्थ होते. परंतु घराला कुलूप लागले ते लागलेच. अक्का मेडिकल कॉलेज रस्त्यावरच्या फ्लॅटमध्ये गेल्या, तिसरा मजला, लिफ्ट. भाच्यांनी त्यांना एक मोठा टीव्ही पाठवला. मी आठवड्यातून एकदा जात असे, आणि दर वेळी क्षमा मागायची असे ठरवून जाऊन टीव्हीची वायर पाहून परत येत असे.

चुन्याच्या घराला माणूस लागतो. कोणी दारे उघडावीत, वारा खेळावा, आणि मुख्य म्हणजे पावसापूर्वी गच्चीवर जाऊन पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांची तोंडे साफ करावीत. गल्लीत कडुनिंबाचे झाड होते. पाने पडत. मी कचेरीत अर्ज केला, की अर्ध्या तासासाठी किल्ली द्या, मी स्वतः झाडू घेऊन जातो. अर्जाला पोच मिळाली. दुसरा अर्ज केला, त्यालाही मिळाली. दुसऱ्या पावसाळ्यात गच्चीवर गुडघाभर पाणी साचले. आम्ही कुटलेले छत इतके पक्के होते, की त्यातून एक थेंब खाली गेला नाही. तेच वाईट झाले. गळके छत असते तर पाणी निघून गेले असते. सगळे वजन तुळयांवर आले, आणि एका सकाळी मागची बाजू कोठीच्या खोलीसकट बसली. उरलेली बाजू धोकादायक ठरवून आठवड्याभरात पाडण्यात आली. आता तिथे पत्र्याचे कुंपण आहे. दगडाचे दोन तुकडे झाले, ते कचेरीने नेले.

मेस्त्री पाहायला आले. ढिगाऱ्यातून त्यांनी गिलाव्याची एक खपली उचलली, उन्हात धरली, कडेवरून अंगठा फिरवला आणि परत ठेवली. चांगला बसला होता, असे म्हणून ते ओरत्तनाडूच्या बसला निघून गेले. त्यानंतर त्यांनी काम सोडले. वयामुळे, असे ते सांगतात.

कचेरीने पडझडीच्या कारणांचा अहवाल मलाच मागितला, त्या घराची माहिती असलेला अभियंता म्हणून. छापील नमुन्यात कारणासाठी एकच ओळ होती. मी लिहिले: गच्चीवरील पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या पानांनी तुंबल्या. सही केली. त्यात खोटे काही नव्हते.

त्याची एक प्रत घेऊन मी अक्कांकडे गेलो. टीव्हीच्या वायरीकडे पाहिले नाही. प्रत त्यांच्या हातात दिली आणि जमिनीवर बसलो. त्यांनी चष्मा लावून ती एकच ओळ वाचली, मग पुन्हा वाचली. मी जे बोलायचे ठरवून आलो होतो त्यातले अर्धे बोलून झाले होते: गिलावा मी उतरवला, पौषात करू असे मी म्हणालो, फोटो मी टाकला, तुम्ही नको म्हणाल हे मला ठाऊक होते. त्यांनी हात वर करून मला थांबवले.

"उत्तर बरोबर आहे," त्या म्हणाल्या, "पण रीत कुठे लिहिलीस?"

मी म्हणालो, तिथे एकच ओळ होती.

"मग दुसरीकडे लिही. पहिल्यापासून लिही." त्यांनी प्रत घडी करून मला परत दिली. "आणि झाकून टाक म्हणून मी सांगितलं होतं, ती पायरी गाळू नकोस."